अपील चालू आहे, प्लॉटला हात लावायचा नाही!



पाऊस जवळ आला की राउंड ऑफिसातून माणूस येतो. बरोबर नांगर धरायच्या आधी येतो. म्हणतो, दावा नामंजूर झालाय, इथे रोपवन होणार, खड्डे मारायचेत. आम्ही म्हणतो अपील टाकलंय. तो म्हणतो, अपिलाचं सांगू नका, स्टे दाखवा.

हा स्टेचा डाव सगळ्यांनी समजून घ्या. दिवाणी कोर्टात नुसतं अपील दाखल केल्याने खालचा हुकूम थांबत नाही, हे खरं. तिथे स्थगिती वेगळी मागावी लागते, नुकसान किती होईल ते कोर्टाला पटवावं लागतं. ज्याच्याकडे वकील आहे, गाडी आहे, त्याचं काम लवकर होतं. आपल्याला तर हुकूम झाला हेच कधी कधी गार्डच्या तोंडून कळतं.

पण वनहक्काचं तसं नाही. 2006 च्या कायद्याचं कलम 4(5) सांगतं, की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कोणाला कब्जाच्या जमिनीवरून काढता येणार नाही. अपील हा त्याच कामाचा भाग आहे. आधी उपविभागाची समिती, मग जिल्ह्याची, आणि मे 2020 मध्ये राज्यपालांची अधिसूचना निघाल्यापासून अनुसूचित क्षेत्रात त्याच्याही वर विभागीय समिती. म्हणजे आपला स्टे कायद्यातच लिहून ठेवलाय. तो आम्ही कशाला मागत फिरायचा? काढायचा अधिकार कोणत्या कागदाने मिळाला, ते गार्डने दाखवावं!

मग ते 13 फेब्रुवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा हुकूम काढतात. वन्यजीववाल्या काही संस्थांनी 2008 साली कायद्याविरुद्ध केस टाकली होती. त्यात हुकूम झाला, की दावे नामंजूर झालेल्यांना पुढच्या तारखेच्या, म्हणजे 24 जुलैच्या आत काढा. कायदा वाचवायचं काम केंद्र सरकारचं होतं, ते त्यांनी धड केलं नाही. देशभर बोंब झाली तेव्हा धावत गेले, आणि 28 फेब्रुवारीला कोर्टाने आपलाच हुकूम थांबवला. राज्यांना विचारलं, नामंजूर करताना कारण दिलं का, पुरावा मांडायची संधी दिली का, कोणत्या अधिकाऱ्याने ठरवलं. हेच तर आपण कधीपासून विचारतोय. मार्च 2018 ला नाशिकहून मुंबईला पायाला फोड येईतो चाललो, ते काय मुंबई बघायला? पण साहेबांच्या खिशात झेरॉक्स एकच असते, 13 तारखेची. 28 ची कोणी दाखवत नाही.

आता आपल्यातलेच काही म्हणतात, स्टे मिळालाय ना, मग कशाला धावपळ. हे आम्हाला बिलकुल मान्य नाही. स्टे उठूही शकतो. स्टेने पट्टा हातात येत नाही, सोसायटीचं कर्ज मिळत नाही. मिळालेले दिवस अपिलाच्या कामाला लावले नाहीत, तर तो स्टे त्यांच्याच उपयोगाचा.

नियम 12-क वाचा, नाहीतर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. नकार दावेदाराला समक्ष कळवला पाहिजे, कारणासकट. त्यानंतर अपिलाला 60 दिवस, समितीने ठरवलं तर आणखी 30. ज्याला कागदच दिला नाही त्याची मुदत संपली कशी? आणि उपग्रहाचा फोटो हा जोडीचा पुरावा आहे, तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. डोंगरावर नागली-वरई घेऊन जमीन एखाद-दोन वर्षं पडीक ठेवली, तर वरून गवतच दिसणार. गावच्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा आहे. फॉरेस्टने आपल्या बापाला केलेल्या दंडाची पावतीसुद्धा! अतिक्रमण म्हणून दंड घेतला, म्हणजे तेव्हा आपण तिथे होतो हे त्यांनीच लिहून दिलं.

अपील चालू असताना कोणी उभं पीक मोडलं, खड्डे मारले, तर अंगावर धावून जायचं नाही. फोटो, तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि हुद्दा लिहा, ग्रामसभेत ठराव करा. आदिवासीच्या वनहक्कात अडथळा आणणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(छ) चा गुन्हा आहे. ठाण्यात जाताना चार बाया बरोबर घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने यादी आणायची आहे: दावा कोणाचा, नकाराचा कागद मिळाला की नाही, अपील कुठे, पोच आहे का. ज्यांच्याकडे पोच नाही त्यांची नावं वर लिहा, त्यांचे अर्ज त्याच दिवशी भरू.