विश्लेषण : ‘अलिबाग’ या नावाची फोड काय सांगते?

अलिबागचे नाव ‘मायनाकनगरी’ करावे, अशी मागणी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी एप्रिल 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांकडे केली होती. त्यावर मत बनवण्याआधी आजचे नाव कसे घडले, हे पाहायला हवे.

जोडशब्दांत इतिहास कसा टिकतो?
घरातल्या व्हिनेगरचेच पाहा. हा शब्द फ्रेंचमधला. त्यात ‘वाइन’ आणि ‘आंबट’ असे दोन शब्द जोडले आहेत. आज व्हिनेगर उसापासूनही बनते, तरी नावातली वाइन गेलेली नाही.

अलिबागची फोड काय?
अली आणि बाग. ‘बाग’ हा शब्द फारसी. फारसीच्या नेहमीच्या वळणाने तो आधी आला असता : बाग-ए-अली. इथे मात्र ‘अलीची बाग’मधला ‘ची’ गळाला आणि ‘राजवाडा’, ‘देवघर’ यांसारखा षष्ठी तत्पुरुष समास झाला. शब्द बाहेरून आले, पण त्यांची जोडणी मराठी वळणाचीच आहे.

हा अली कोण?
दोन मते आहेत. एका मतानुसार तो श्रीमंत मुसलमान होता, त्याने इथे विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या. दुसऱ्या मतानुसार तो बेने इस्रायल समाजातला, आंबा-नारळाच्या बागांचा मालक. शहरातली इस्रायल आळी आणि तिथले सिनेगॉग या समाजाची आजही साक्ष देतात. दोन्ही मतांत बाग लावणारा माणूस मात्र समान आहे.

मग मायनाक भंडारींचे काय?
शिवरायांच्या या आरमारप्रमुखाने 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरीचा किल्ला उभारला. त्यांचा गौरव व्हायलाच हवा. खांदेरी 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मायनाकांची कामगिरी कळेल, अशी सोय करणे हे अधिक टिकाऊ स्मारक ठरेल.

कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले, तरी किल्ल्यामुळे ‘कुलाबा’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. अलीची बाग मात्र आज कुठेच दाखवता येत नाही. ती उरली आहे फक्त गावाच्या नावात. ते नाव बदलले, तर तिची शेवटची खूणही पुसली जाईल.