टिंबळे कुठे लपले?

‘टिंबळे झिबकत झिबकत खमटाडात लपले, कारण त्यांना हुंबाडाची धास्ती होती.’ आता एका वाक्यात उत्तरं लिहा. टिंबळे कुठे लपले? टिंबळे खमटाडात लपले. त्यांना कोणाची धास्ती होती? त्यांना हुंबाडाची धास्ती होती. दोनपैकी दोन गुण, शुद्धलेखनही निर्दोष. टिंबळे हा प्राणी आहे की किडा, हे वाचकांना ठाऊक नाही आणि संपादकांनाही नाही. वाक्य याच अंकासाठी रचलं आहे.

हा खेळ मराठीत फार सोपा जातो. ‘कुठे’ विचारलं की शेवटी ‘त’ असलेला शब्द उचलायचा, ‘कोणाची’ विचारलं की ‘ची’वाला. मुलं ही युक्ती तिसरी-चौथीत आपापली शिकतात आणि स्वाध्याय तिला गुण देत राहतो. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले: या सगळ्यांची उत्तरं धड्यात तयार ठेवलेली असतात. धडा न कळताही ती सापडतात. जे सापडत नाही ते गाइडात असतं.

आपली लिपीही या बाबतीत जरा फसवी आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल समोर येईल ते वाचतं; मग तो सातबारा असो, विम्याचे नियम असोत की ज्ञानेश्वरी. इंग्रजी वाचणारं मूल अनोळखी शब्दापाशी अडखळतं, तेव्हा निदान आपल्या लक्षात तरी येतं. मराठी वाचणारं मूल अडखळतच नाही. आमचा नातू पेपर खडाखडा वाचतो, असं आजोबा कौतुकाने सांगतात. पेपरात काय आलंय ते नातवाला विचारायचं मात्र राहून जातं.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालांतले आकडेही म्हणून जपून वाचायला हवेत. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचं प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात २०१८ साली ५०.५ टक्के होतं. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर आलं. त्यावर बरंच लिहून आलं, ते योग्यच. पण ही चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचून घेणारी आहे. ज्यांना ‘वाचता येतं’ असं आपण म्हणतो, त्यांच्यापैकी किती जणांना गोष्ट कळली हा प्रश्न त्यानंतरचा, आणि या दिवाळी अंकाचा विषय तोच आहे.

सुरुवातीच्या इयत्तांतल्या वाचनाचा एक मोठा अभ्यास आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीरला झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीपर्यंत मुलांचा माग ठेवला. वर्गात वेळ कशात जातो? एका सुरात मागून म्हणण्यात, फळ्यावरचं उतरवून घेण्यात. वाचलेल्याबद्दल बोलणं जवळपास नाही. वाड्यातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा वारली किंवा कातकरी. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी मुळातच परकी. तिथे बोलणं नसेल तर अर्थ येणार कुठून?

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं समजू नये. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या बाईंनी १९७०च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास घड्याळ लावून पाहिले. ४,४६९ मिनिटांपैकी समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं भरली अवघी २०. शिक्षक प्रश्न भरपूर विचारत होते. पण प्रश्न विचारणं ही तपासणी झाली. शिकवणं राहूनच जात होतं.

मग शिकवायचं म्हणजे काय करायचं? एक साधं वाक्य घेऊ. ‘सखूने आभाळाकडे पाहिलं आणि गच्चीवरचे पापड भराभर गोळा केले.’ सखूने काय गोळा केले, हा प्रश्न टिंबळ्यांच्या जातीचा. सखूने घाई का केली, हा खरा प्रश्न, कारण पावसाचा उल्लेख वाक्यात कुठेही नाही. तो वाचणाऱ्याने आणायचा असतो. मुरलेला वाचक हे इतक्या सहज करतो की आपण काही केलं हे त्याला जाणवतही नाही, आणि ज्या मुलाला ते जमत नाही त्याला ‘नीट वाच’ एवढंच ऐकायला मिळतं. बाईंनी इथे थांबून मोठ्याने म्हणायला हवं: ‘आभाळाकडे का बरं पाहिलं असेल? मला वाटतं ढग आले असावेत. बघू या पुढे काय होतं.’ पुढच्या परिच्छेदाला हेच एखाद्या मुलीने करायचं, त्यानंतरच्या परिच्छेदाला दुसऱ्या कोणी.

ॲनमेरी पॅलिन्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली याच धर्तीची पद्धत मांडली. त्यांची मुलं सातवीतली होती. अक्षरवाचन ठीक, समज कच्ची. लहान गट करायचा आणि मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचं. जो शिक्षक होईल त्याने परिच्छेदाचं सार सांगायचं, त्यावर एक प्रश्न काढायचा, जिथे अडलं ते उलगडायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. मुलांचं आकलन खरोखर सुधारलं. आपल्याला ही रीत अगदीच अनोळखी वाटू नये. चातुर्मासात गावात पोथी लागायची तेव्हा एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि ऐकणारा मध्येच विचारायचा, ‘पण बुवा, असं का?’ वाचणाऱ्याला थांबवणं तिथे उद्धटपणा ठरत नव्हतं. शाळेत ठरतं.

या पद्धतींचंही कर्मकांड होऊ शकतं, हे सांगायलाच हवं. ‘अंदाज करा’ असा रकाना कृतिपत्रिकेत आला की त्याचंही तयार उत्तर गाइडात येणार, यात शंका नाही. शिवाय, युक्त्या शिकवून भागत नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून डाव दाखवायला सांगितलं. बेसबॉल जाणणारी ‘कच्ची’ वाचक मुलं बेसबॉल न जाणणाऱ्या ‘हुशार’ वाचकांच्या पुढे निघाली. म्हणजे ज्याने गच्चीवर पापड वाळताना पाहिलेच नाहीत तो शहरी मुलगा सखूपाशी अडणार, आणि सरकता जिना न पाहिलेली वाड्यातली मुलगी मॉलच्या धड्यापाशी. दोघांतलं कोणीही ‘ढ’ नाही. म्हणून भाषेत गुण मिळवून देण्यासाठी इतिहास, विज्ञान, चित्रकला यांचे तास कापणाऱ्या शाळा वाचनाचंच नुकसान करतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि नुकसान भाषेपुरतं राहत नाही. शाब्दिक उदाहरण आलं की ‘बाई, अधिक करायचं की वजा?’ हा प्रश्न ज्या वर्गात येत नाही असा वर्ग दाखवा. मुलाला दोन्ही क्रिया येत असतात. उदाहरणात काय घडलं, ते कळलेलं नसतं.

काम होतंय, हेही खरं. वाडा तालुक्यातल्याच सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ उपक्रमात मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाट्यरूपाने आश्रमशाळांत नेते. गोष्ट आधी डोळ्यांसमोर घडते, मग पुस्तक हातात येतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतही मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि फोटो अपलोड करणं सांभाळून रोज पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवणारे शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी काहींनी या अंकात लिहिलं आहे. अध्यापनशास्त्राची भाषा टाळा, एवढीच अट आम्ही घातली होती. बहुतेकांनी ती पाळली.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा सगळा उद्योग समजून वाचणाऱ्या माणसाच्या भरवशावर चालला आहे. आज तिसरीत असलेली मुलं पुढे अंक विकत घेतील की नाही, याची चिंता आम्हाला आहेच. त्यात थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

तेव्हा एक विनंती. अंकाच्या शेवटी मुलांसाठी कथा दिली आहे. तिच्याखाली स्वाध्याय मुद्दाम दिलेला नाही. घरातल्या किंवा वर्गातल्या मुलांबरोबर ती वाचा, अधूनमधून थांबा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत, अशुद्ध असले तरी तसेच, आम्हाला पाठवा. उत्तरं पाठवू नका. पुढच्या दिवाळी अंकात त्या प्रश्नांसाठी पानं राखून ठेवली आहेत.