रिकार्दो कार्व्हाल्यो आणि ‘पळपुटा’ हा शब्द

पोर्तुगालचा बचावपटू रिकार्दो कार्व्हाल्यो याच्या कारकिर्दीविषयी जे काही लिहिले जाते, त्यात एक कथा हमखास सापडते. गुणी खेळाडू, अहंकाराच्या भरात राष्ट्रीय संघ सोडून गेला, ‘पळपुटा’ ठरला, पुढे परत आला आणि २०१६ साली युरोपीय विजेतेपद मिळवून त्याने जुने पाप धुऊन काढले. पतन, वनवास, प्रायश्चित्त आणि उद्धार हा कथेचा साचा आपल्या इतक्या परिचयाचा आहे, की तो दिसला की आपण मान डोलावतो. आमचा आक्षेप या साच्यालाच आहे. ज्या शब्दाने त्याला दोषी ठरवले तो शब्द खोटा होता, आणि ज्या विजेतेपदाने त्याला दोषमुक्त केले असे म्हणतात, त्या विजेतेपदात तो शेवटचे चारही सामने मैदानाबाहेर बसून होता.

कार्व्हाल्योचा जन्म १९७८ सालचा, अमारांते या उत्तर पोर्तुगालमधील गावचा. (साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे गाव तैशैरा द पाश्कुआइश या कवीमुळे किंवा आगुस्तिना बेस्सा-लुईश या कादंबरीकर्त्रीमुळे ठाऊक असण्याची शक्यता अधिक.) पोर्तो क्लबात तो वाढला खरा, पण लेसा, सेतुबाल, अल्व्हेर्का अशा लहान संघांत त्याला उसनवारीवर धाडले गेले आणि पोर्तोत त्याचे बस्तान बसले ते २००१ नंतर. मध्यबचावपटूच्या मानाने तो उंच नव्हता, अंगाने धिप्पाडही नव्हता. त्याचे बळ होते ते आधी ओळखण्यात. प्रतिस्पर्ध्याचा पास पायातून सुटण्यापूर्वीच तो त्या वाटेवर येऊन उभा असे, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला तेथे काही घडलेच नाही असे वाटे.

‘काही घडलेच नाही’ हीच बचावपटूच्या चरित्रकाराची अडचण आहे. कबड्डीत यशस्वी पकड झाली की गुण मिळतो आणि पंच हात वर करतो. फुटबॉलमध्ये बचावाला गुणफलकावर जागाच नाही. मुद्रितशोधकासारखे हे काम आहे. त्याने दुरुस्त केलेल्या हजार चुका वाचकाला दिसत नाहीत, निसटलेली एक मात्र दिसते. अशा कारकिर्दीत ठळक अक्षरांत उरतात त्या फक्त भानगडी. मार्च २००५ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध टेरीने डोक्याने गोल केला तेव्हा कार्व्हाल्यो गोलरक्षकाला अडवून उभा होता. २००६ च्या विश्वचषकात गेल्सनकिर्शन येथे रूनीला त्याच्यावर पाय दिल्याबद्दल लाल कार्ड मिळाले. ही दोन दृश्ये अनेकांच्या स्मरणात आहेत. परंतु २००४-०५ च्या हंगामात चेल्सीने ३८ लीग सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारले, इतके कमी गोल त्या स्पर्धेत तोवर कोणी स्वीकारले नव्हते, आणि त्या बचावात कार्व्हाल्योचा वाटा मोठा होता, हे मात्र आठवण करून द्यावे लागते. त्याआधीच्या मे महिन्यात त्याच गेल्सनकिर्शनमध्ये पोर्तोने मोनाकोला ३-० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू म्हणून युरोपीय महासंघाने त्याचीच निवड केली होती.

आता २००४ च्या उन्हाळ्याकडे वळू. कारण पुढच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली आमच्या मते तेथे आहे. युरोपीय स्पर्धा पोर्तुगालमध्येच होती. सलामीच्या सामन्यात ग्रीसने यजमानांना १-२ असे हरवले. त्या सामन्यात बचावाच्या मध्यभागी फर्नांदो कोतो होता. १९८९ च्या युवा विश्वविजेत्या संघातला, शंभरहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, चौतिशीतला. प्रशिक्षक स्कोलारी यांनी पुढच्या सामन्याला त्याला बसवले आणि त्याच्या जागी कार्व्हाल्योला घेतले. पोर्तुगाल अंतिम फेरीपर्यंत गेला, तेथे पुन्हा ग्रीसकडूनच हरला. पण कार्व्हाल्यो स्पर्धेतील निवडक सर्वोत्तमांत गणला गेला. कोतोची राष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेबरोबर संपली. अर्थात, कार्व्हाल्योला जागा मिळाली ती एका थोराला बाकावर बसवून. त्यात अन्याय नव्हता. खेळाचा नियमच तो आहे.

हा नियम स्वतःला लागू झाला की मात्र कार्व्हाल्योला तो सोसत नसे. ऑगस्ट २००५ मध्ये चेल्सीच्या पहिल्याच सामन्यातून वगळले गेल्यावर त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. मोरिन्यो यांनी त्यावर त्याची बुद्धिमापन चाचणी घ्यायला हवी, असे जाहीरपणेच सुनावले. (याच मोरिन्यो यांनी २०१० मध्ये त्याला रेआल माद्रिदला नेले.) ऑगस्ट २०११ च्या अखेरीस सायप्रसविरुद्धच्या सामन्यापूर्वी सराव चालू असताना आपण पहिल्या अकरांत नाही, हे त्याने ताडले. संघ जाहीर होण्याची वाट न पाहता तो शिबिर सोडून निघून गेला. मैदानावर जी नजर त्याचे सामर्थ्य होती, तीच येथे त्याच्या मुळावर आली. पुढचा पास त्याने ओळखला. त्यानंतरचा ओळखला नाही.

हे वर्तन चुकीचे होते, याविषयी आम्हांला शंका नाही. ज्या नियमाने कोतोला बसवले, तो नियम नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. महासंघाने वर्षभराची बंदी घातली. शिस्तभंगाला शिक्षा हवीच. प्रश्न आहे तो शब्दाचा. प्रशिक्षक पाउलो बेंतो यांनी त्याला पळून गेलेला सैनिक ठरवले. पोर्तुगीज शब्द ‘देझेर्तोर’. मराठीतील ‘पळपुटा’ या शब्दात तिरस्कार पुरेपूर आहे, परंतु लष्करी न्यायासनाचा वास त्यात नाही. पोर्तुगीज शब्दात तो आहे, आणि त्या देशात त्याला ताजा इतिहासही आहे. १९६१ ते १९७४ या काळात अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथील वसाहती राखण्यासाठी पोर्तुगालने युद्धे चालवली आणि ती नाकारणारे कितीतरी तरुण सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. त्यांनाही हाच शब्द लावला जात होता.

आपल्या वाचकांना हा शब्दव्यवहार गोव्यावरून समजेल. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना अखेरच्या माणसापर्यंत लढण्याची आज्ञा केली होती. त्यांनी व्यर्थ रक्तपात टाळून शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले, आणि १९७४ च्या क्रांतीनंतर सन्मानाने परत घेण्यात आले. माणूस तोच, कृत्य तेच. राजवट बदलली तसा शब्द बदलला. गव्हर्नरची शरणागती आणि फुटबॉलपटूचा रुसवा यांची तुलना आम्ही करत नाही, ती हास्यास्पद होईल. तिच्या हास्यास्पदतेतच आमचा मुद्दा आहे. जो शब्द जीवनमरणाच्या प्रसंगांसाठी घडला, तो सायप्रसविरुद्धच्या सामन्यासाठी वापरला गेला. तो सामना पोर्तुगालने ४-० असा जिंकला. पुढच्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धेत कार्व्हाल्योविना संघ उपांत्य फेरीत पोहोचला. कोणाचाही किल्ला पडला नाही.

शिवाय पोर्तुगीज लोक आपल्या राष्ट्रीय संघाला ‘सेलेसाव’ म्हणतात, म्हणजे ‘निवड’. निवडीला होकार देता येतो, नकारही देता येतो. सक्तीच्या भरतीला नकार देता येत नाही. बेंतो यांच्या शब्दाने निवडीची भरती करून टाकली, आणि क्रीडापत्रकारांनी तो शब्द विनातक्रार उचलला. आपल्याकडेही ‘रणांगण’, ‘धूळ चारली’, ‘शरणागती’ ही भाषा क्रीडापानांवर रोज असते. ती निरुपद्रवी असते ती रूपक म्हणून. एखाद्या माणसाच्या नावाला ती कायमची चिकटली की ती रूपक राहत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये अल्बानियाकडून मायदेशी पराभव झाल्यावर बेंतो गेले. फर्नांदो सांतोस आले आणि त्यांनी कार्व्हाल्योला पुन्हा बोलावले. तेव्हा तो मोनाकोकडून खेळत होता, वय छत्तीस. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत तो पेपेच्या जोडीने तिन्ही गटसामन्यांत खेळला. तिसरा सामना ल्यों येथे हंगेरीशी ३-३ असा सुटला. बाद फेरीत क्रोएशियाविरुद्ध सांतोस यांनी त्याच्या जागी जोसे फोंतेला उतरवले. पोलंडविरुद्धही तोच. उपांत्य सामन्यात, पुन्हा ल्यों येथेच, पेपे दुखापतीमुळे बाहेर बसला तेव्हा तरी जुन्या गड्याची आठवण व्हावी. पण सांतोस यांनी ब्रुनो आल्व्हेसला घेतले. अडतीस वर्षांचा कार्व्हाल्यो बाकावर बसून राहिला. या वेळी तो गेला नाही.

याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. प्रायश्चित्तात कोणीतरी पाहणारे, क्षमा करणारे असावे लागते. १० जुलै रोजी सें-देनी येथे रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर आला आणि नंतर मैदानाच्या कडेने लंगडत सूचना देऊ लागला, तेव्हा जगभरच्या कॅमेऱ्यांना दुसरे काही दिसत नव्हते. १०९ व्या मिनिटाला एदेरने गोल केला. कार्व्हाल्यो त्याच बाजूला होता. पाच वर्षांपूर्वी जी गोष्ट तो एका सामन्यासाठीही सोसू शकला नव्हता, ती त्याने सलग चार सामने सोसली, आणि त्याची नोंद बचावाच्या नोंदीसारखीच कोणत्याही फलकावर झाली नाही.

त्याचे आंतरराष्ट्रीय सामने ८९ झाले. शेवटचा तो हंगेरीविरुद्धचा, तीन गोल स्वीकारलेला. २०२३ मध्ये तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू झाला.