कोन का बदलत नाही?

दहावीच्या भूमितीत वर्तुळाचे प्रकरण आले की पुष्कळ मुले प्रमेय नुसते पाठ करतात. “आंतरलिखित कोनाचे माप त्याने आंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते.” वाक्य तोंडपाठ, पण यातला कोन कुठला नि कंस कुठला, असे विचारले की पोर गप्प. शिकवणीची फी ज्या घराला झेपत नाही, तिथे पोराने विचारायचे कोणाला? पालकहो, या कामाला घरातला मोबाइल लावा, असे आम्ही म्हणतो.

जिओजेब्रा नावाचे भूमितीचे साधन आहे. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना ते तयार करायला घेतले. विद्यार्थ्यांना ते फुकट आहे. एकदा फोनवर उतरवून घेतले की नेट संपले तरी चालते.

मुलाने वर्तुळ काढावे. केंद्राला ‘ए’ नाव पडते, कडेवरच्या टिंबाला ‘बी’. कडेवरच आणखी दोन टिंबे द्यावीत, ‘सी’ आणि ‘डी’. डी हे बी आणि सी ला जोडावे आणि डी जवळचा कोन मोजावा. समजा ५० अंश आला. आता डी बोटाने ओढा. ते कडेवरूनच सरकले पाहिजे. बाहेर पळाले तर टिंब वर्तुळावर बसलेले नाही, पुन्हा काढा. डी सरकते, रेषा लांब-आखूड होतात, पण ५० हलत नाही! केंद्राजवळचा कोन मोजा, तो १०० भरतो. डी दुसऱ्या बाजूच्या कंसावर नेले की कोन १३० होतो. फोन तिथे २३० दाखवील, कारण तो उलट बाजूने मोजतो. ३६० मधून २३० वजा करावेत. ५० आणि १३० मिळून १८०, हेच चक्रीय चौकोनाचे प्रमेय.

आई-बाप शाळेत गेलेले नसले तरी शेजारी बसून एवढे विचारू शकतात: “बाळा, काय बदललं, काय नाही बदललं?”

पण फोनने दाखवले म्हणजे सिद्ध झाले नव्हे. परीक्षेत सिद्धता लिहावी लागते, ती वहीतच करायची. ए पासून बी, सी, डी पर्यंतच्या रेषा त्रिज्या, म्हणून सारख्या. त्यामुळे दोन समद्विभुज त्रिकोण होतात. डी-ए रेषा पुढे वाढवली की प्रत्येक त्रिकोणाचा बाह्यकोन डी जवळच्या त्याच्या कोनाच्या दुप्पट येतो. केंद्र कोनाच्या आत असेल तर दोन्हींची बेरीज, बाहेर असेल तर वजाबाकी.

बी-सी रेषा केंद्रातून गेली तर डी जवळ नेमका ९० येतो. सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी हे मुलाला गुण्याने दाखवावे. गोल फळीच्या कडेवर गुण्याचा कोपरा टेकवा, दोन्ही बाजू कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करून जोडा. हा झाला व्यास. दुसऱ्या जागी पुन्हा तसेच करा. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे फळीचे केंद्र.