पोथीवरचा दिवा आणि स्नानाचे पाणी

वसुबारसेच्या संध्याकाळी दारात पहिली पणती लागते, आणि बहुधा त्याच सुमारास आश्विनातल्या उकाड्याचा हिशेब सांगणारे वीजदेयकही घरात येऊन पडते. फराळाचे सामान, मुलांचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी असा खर्चाचा डोंगर आधीच उभा असतो. त्यात हा कागद हाती आला की घरातील कर्ता मनुष्य चष्मा लावून आकडा पाहतो, क्षणभर गप्प बसतो, आणि मग साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘‘आता जरा दिवे कमी जाळा!’’

या वाक्याविषयीच आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. हे वाक्य मीही उच्चारलेले आहे, आणि त्याचे फळ काय मिळाले तेही पाहिलेले आहे.

गोष्ट २०२० सालच्या आषाढातली. त्या वर्षी मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि घरोघरी येऊन मीटरचे आकडे टिपणे थांबले. मधल्या काळात राज्यात बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातील वापराच्या सरासरीवर देयके निघाली. हिवाळ्यात पंखा बंद असतो. त्या उन्हाळ्यात मात्र घरातील सारी माणसे अहोरात्र घरीच होती. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये प्रत्यक्ष आकडे टिपले गेले तेव्हा तीन महिन्यांचा सारा फरक एकदम अंगावर आला. आमच्या घरचे देयक नेहमीच्या चौपटीहून अधिक होते. प्रथम संताप झाला, मग चौकशी केली. हिशेब ताडून पाहता तो बहुतांशी बरोबर निघाला. आधी भरलेली रक्कमही वजा केलेली होती. भांडायला जागा उरली नाही म्हणून असेल, मी तो राग घरात काढला. रात्रीच्या जेवणाला पाने मांडलेली असताना काटकसरीवर चांगले पाऊण घटका व्याख्यान दिले.

माझी आई त्या पंगतीत होती. ती काही बोलली नाही. चातुर्मास नुकताच लागलेला. तिन्हीसांजेला देवघरासमोर बसून पोथी वाचण्याचा तिचा नेम. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी सहज आतल्या खोलीत डोकावलो तो खोलीत अंधार. समईच्या मंद उजेडात आई पोथी अगदी नाकाशी धरून बसलेली. मी म्हटले, ‘‘अगं आई, दिवा तरी लाव!’’ ती म्हणाली, ‘‘अरे, निम्मी पोथी पाठच आहे मला. उगीच कशाला जाळायचा?’’

त्या रात्री माझ्या मुलीने, ती तेव्हा विज्ञानशाखेत शिकत होती, देयकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक हिशेब मांडला. तो मी तसाच वाचकांपुढे ठेवतो. आजीच्या डोक्यावरचा एलईडी दिवा ९ वॅटचा. रोज दोन तास धरले तर महिन्याला ५४० वॅट-तास, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. आता बाबांची आंघोळ. वीस लिटरची बादली, नळाचे पाणी २५ अंशांचे, ते ४५ अंशांपर्यंत तापवायचे. पाण्याला लागणारी उष्णता ठरलेली असते. तीत यंत्राची हुशारी चालत नाही. त्या एका बादलीला साधारण अर्धा युनिट वीज लागते. म्हणजे आजीच्या महिनाभराच्या पोथीवाचनाला जेवढी वीज लागते, तेवढी बाबांची एक बादली एका सकाळी पिते. आणि बाबा बादल्या दोन घेतात, हे तिने खाली अधोरेखित केले होते.

ज्याने पंगतीत व्याख्यान दिले त्याची आंघोळ कोणी मोजली नव्हती. जिने काहीच वापरले नव्हते, ती अंधारात बसली होती.

हे केवळ आमच्याच घरी घडले असे मला वाटत नाही. देयक वाढले की आपण जे डोळ्यांना दिसते ते कमी करतो. दिवा दिसतो, म्हणून दिवा मालवतो. बंद दाराआड तापणारे पाणी, कोपऱ्यात घुमणारा शीतकपाट, भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र ही मंडळी बोलत नाहीत आणि दिसतही नाहीत. शिवाय ज्याच्या मनाला आपले ओझे इतरांवर पडते अशी टोचणी असते, तोच आधी हात आखडता घेतो. तो बहुधा घरातील वृद्ध असतो किंवा गृहिणी. दुपारी सारे बाहेर गेल्यावर पंखा बंद करून स्वयंपाकघरात घाम पुसत बसणाऱ्या किती माउल्या आपल्या ओळखीच्या आहेत, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे. याला काटकसर म्हणणे मला मान्य नाही. समर्थांनी प्रपंच नीट करण्याला एवढे महत्त्व दिले ते अशा आंधळ्या काटछाटीसाठी नव्हे. नीट करणे म्हणजे आधी नीट पाहणे.

मग पाहावे काय? देयकाचा कागद सर्वांत आधी. त्यावर स्थिर आकार असतो. तो आपण दिवा लावा वा न लावा, द्यावाच लागतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर वीज शुल्क अशा ओळी असतात. कोळसा महागला की इंधन समायोजनाची ओळ फुगते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, जगभर कोळसा व वायू महागला, आपल्याकडे वीजकेंद्रांना परदेशी कोळसा मिसळावा लागला, आणि त्या दूरच्या रणाची झळ आपल्या ओसरीपर्यंत पोहोचली ती याच ओळीतून. यावर आपला इलाज नाही. आपला इलाज चालतो तो युनिटांच्या टप्प्यांवर. २०२४-२५ सालच्या दरांत, मुंबई शहर सोडता राज्याच्या बहुतेक भागात, पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, तर त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांचा १० रुपये २९ पैसे. दर वर्षागणिक बदलतात. पण पायरी चढली की दर दुपटीहून अधिक, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की १०१ वा युनिट जळाला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही; वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. म्हणून वाचवलेला प्रत्येक युनिट हा आपल्या सर्वांत महाग युनिटांपैकी असतो. एखादे देयक दोन-तीन महिन्यांचे एकत्र आले असेल तर टप्पेही तितक्या महिन्यांचे धरले आहेत की नाही, हे मात्र अवश्य तपासावे.

हे कळल्यावर आम्ही पंख्यांकडे वळलो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो; नव्या धर्तीचे पंखे, ज्यांना दुकानदार बीएलडीसी म्हणतात, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. वर सांगितलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या दराने ते दोनशे रुपये होतात. पंख्याची किंमत एकदम द्यावी लागते, तेव्हा सर्व पंखे एका वर्षात बदलणे आम्हांस जमले नाही. पहिला बदलला तो आईच्या खोलीतला. तिला सांगितले, हा आता दिवसभर चालू ठेवलास तरी पूर्वीच्या निम्म्यात होतो. तिचा विश्वास बसायला एक उन्हाळा गेला.

छप्पर स्वतःचे असलेल्यांनी सौर तबकड्यांचा विचार जरूर करावा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. आमच्यासारख्या चाळी-सदनिकांतल्या लोकांना गच्चीवर साऱ्यांचे एकमत व्हायचे, तेव्हा तो योग.

स्वयंपाकघराचा हिशेब निराळा. मुंबईत १४.२ किलोचे गॅस सिलिंडर २०२० च्या नोव्हेंबरात ५९४ रुपयांना मिळत होते, ते २०२२ च्या जुलैत १,०५२ रुपये ५० पैशांवर गेले. पुढे २०२३ च्या ऑगस्टअखेर दोनशे आणि २०२४ च्या मार्चमध्ये शंभर रुपयांनी ते उतरले, २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा पन्नासांनी चढले. आपल्या देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, म्हणून त्याचा भाव आपल्या हाती नाही. फराळाच्या दिवसांत ज्योत सर्वाधिक जळते, आणि तिथे एक जुनी रीत उपयोगी पडते. वाड्यांतून पूर्वी चार बिऱ्हाडांच्या चकल्या एकाच कढईत पडत. आज माझ्या घरी, शेजारी आणि समोर अशा तीन दारांत एकाच दुपारी तीन कढया तेल तापत असते. तेल एकदा तापले की त्यात दुसऱ्या घरचा घाणाही निघतो. गेली तीन वर्षे आमच्या मजल्यावर चकल्या आणि शंकरपाळे एकत्र होतात. अनारसे मात्र ज्याचे त्याच्या घरी, कारण त्यांचा हट्ट ज्याचा तोच जाणे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. भाव वाढले की काही मंडळी चुलीचे गोडवे गाऊ लागतात. तांब्याचा बंब, लाकडाची धग, चुलीवरच्या भाकरीची चव! हे बोलणारे बहुधा चुलीपुढे न बसलेले पुरुष असतात. माझ्या आजीचे डोळे धुराने अधू झाले होते. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅस गेला. परंतु पुढे सिलिंडर भरून आणणे न परवडल्याने कित्येक माउल्यांनी पुन्हा चूल पेटवली. त्यांच्यासाठी ती चवीची हौस नव्हती. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी दिवाळीत काय शिजते याची चौकशी करताना कशावर शिजते, हेही एकदा विचारावे. दिवाळीच्या खुशालीत सिलिंडरचा एक भार घातला तर तो साडीइतकाच शोभेल असे मला वाटते.

देवळांच्या विश्वस्तांनाही एक विनंती. कळसावर पाचशे वॅटचा एक जुना हॅलोजन दिवा रात्री दहा तास जळला तर पाच युनिट जातात. तेवढ्यात आईचा पोथीवरचा दिवा नऊ महिने चालतो. गाभाऱ्यातील नंदादीपाच्या तेलात काटकसर करण्याची सूचना एका सभेत झालेली मी ऐकली आहे. तिथे कळसावरच्या दिव्याकडे कोणी पाहिले नव्हते.

घरच्या देवापुढील निरांजन, दारातल्या पणत्या, आकाशकंदिलातला लहानसा दिवा यांच्यावर या दिवसांत कोणी हात टाकू नये, इतकेच माझे मागणे आहे. एलईडीच्या माळाही फारसे खात नाहीत. प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो नरकचतुर्दशीलाच उभा राहतो. त्या दिवशी भावंडे, पाहुणे धरून आमच्याकडे नऊ माणसे असतात. तेल-उटणे लावलेल्या अंगाला कढत पाणी हवेच. अभ्यंगस्नान थंड पाण्याने करा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र माणशी एक बादली ठरवली की साडेचार-पाच युनिट, आणि दोन ठरवल्या की नऊ-दहा. शिवाय मध्ये तास-तासाचा खंड पडला तर टाकीतले तापलेले पाणी फुकट निवते. म्हणून आता क्रम ठरलेला आहे. पहाटे साडेचारला यंत्र सुरू होते, पाठोपाठ सर्वांच्या आंघोळी होतात, आणि उजाडायच्या आत ते बंद होते. पहिला मान आईचा. शेवटी मी, एका बादलीत. कारीट फोडायला मी उशिरा पोहोचतो म्हणून मुले हसतात, ते चालायचेच.

आईने आता पंचाऐंशी ओलांडली. तिच्या बैठकीवरचा दिवा तोच आहे. अजून बदलावा लागलेला नाही. पंखा ती आता न सांगता लावते. पण पोथी मिटली की तिचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जातो, दिवा बंद होतो, आणि मग समईच्या उजेडात ती देवाला नमस्कार करते.