पाडण्याआधी

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात. बर्फाच्या गोळ्याची गाडी आली की मात्र पोरे धावत सुटतात. हाच बर्फ एके काळी अमेरिकेहून येत असे, हे त्यांना खरे वाटणार नाही. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या, भोवती लाकडाचा भुसा आणि चार महिन्यांचा प्रवास, तोही दोनदा विषुववृत्त ओलांडून! तरी शंभर टनांच्या आसपास बर्फ शाबूत उतरला.

तो टिकवायला जाड भिंतींचे बर्फखाने उभे राहिले. मुंबईत १८४३ साली, मद्रासमध्ये त्याच सुमारास, समुद्रकिनारी. पुढे यंत्राने इथेच बर्फ बनू लागला, जहाजे थांबली आणि या इमारती रिकाम्या पडल्या.

मुंबईचा बर्फखाना पाडला गेला. त्या जागी आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. संस्था मोलाचीच, पण बर्फखान्याची एक भिंतही उरली नाही. मद्रासचा वाचला. बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी तो विकत घेऊन राहता केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे उतरले. नंतर सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी तिथे बालविधवांना निवारा आणि शिक्षण दिले. हिंगण्याचे महर्षी कर्व्यांचे विधवांच्या शिक्षणाचे काम जाणणाऱ्या मराठी माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या भिंतींनी श्रीमंतांच्या पेल्यातला बर्फ जपला, त्यांच्याच आड समाजाने टाकलेल्या मुली शिकल्या. १९६३ मध्ये त्या वास्तूला विवेकानंदांचे नाव मिळाले आणि ती आजही वापरात आहे.

आपल्या वऱ्हाडात बर्फखाने नव्हते. आपला उद्योग कापसाचा. कारंजा, मूर्तिजापूर, दारव्हा या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले आणि शकुंतला रेल्वेने गाठी वाहिल्या. आता शकुंतला बंद आहे. जिथे सरकी आणि रुई वेगळी होत असे, अशा जुन्या जिनिंगची किंमत आता केवळ प्लॉटच्या भावाने होते. हे आम्हाला मान्य नाही. उंच छप्पर, मोकळा फड, जाड भिंती असलेली इमारत वाचनालय, अभ्यासिका, बचतगटाचे केंद्र किंवा धान्याचे गोदाम सहज होऊ शकते. दुरुस्तीला पैसा लागेल, मालकी हक्कांचे गुंते सोडवावे लागतील. मद्रासच्या त्या कोंदट बर्फखान्यातही राहण्याआधी खिडक्या पाडाव्या लागल्याच होत्या.

ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदांनी आणि बाजार समित्यांनी आपापल्या हद्दीतल्या अशा इमारतींची यादी या उन्हाळ्यातच करावी. यादी ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय एकाही इमारतीवर जेसीबी चालवू नये.