लेकीची वेणी आणि घराचा निर्णय

विदर्भात उन्हाळा लांबतो, म्हणून येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या पंधरवड्यात यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील घराघरांत गणवेश आणि वह्यांच्या खरेदीबरोबर एक लहानसा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. मुलगी पाच-सहा वर्षांची आहे, केस कमरेकडे निघाले आहेत. पारा 45 अंशांच्या आसपास होता तेव्हा मानेवर घामोळे उठले. आता पावसाळ्यात केस वाळायचे नाहीत, आणि शाळेला दोन वेण्या, दोन रिबिनी हव्यात. सूनबाई म्हणतात, "मानेपर्यंत कापून टाकू." सासूबाई म्हणतात, "मुलीच्या जातीच्या केसांना कात्री लावायची नसते." दुकानातून जेवायला आलेला मुलगा दोघींकडे पाहतो, "तुम्हीच ठरवा" म्हणतो आणि ताट ओढून घेतो. घरातील निम्मे प्रश्न अशाच रीतीने न सुटता पुढे जातात.

दुसऱ्या घरी गुंता निराळा असतो. मुलगा तीन वर्षांचा झाला, तरी त्याचे जावळ काढलेले नाही. मारवाडी घरांत त्यास झडुला म्हणतात. तो ओसियाँला सच्चियाय मातेच्या चरणी उतरवायचा, असे मूल पोटात असतानाच बोलले गेले होते. ओसियाँ जोधपूर जिल्ह्यात. ओसवाल समाजाने आपले नाव जिच्यावरून घेतले तीच ही नगरी. परंतु दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू झाली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंग सोडून मालकाला हलता येत नाही. त्यानंतर लग्नसराई, मग राजस्थानातील उन्हाळा, मग चातुर्मास. यात्रा पुढच्या वर्षावर जाते. इकडे बालवाडीतील सोबती त्या पोराला "ए मुली" म्हणून हाक मारतात आणि ते रडत घरी येते.

मुलीचे केस आखूड करावे की नाही आणि मुलाचे केस कधी उतरवावे, हे दोन्ही प्रश्न वरवर धर्माचे वाटतात. म्हणून धर्मग्रंथांत काय आहे ते आधी पाहणे बरे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात, म्हणजे नवव्या शतकात, गृहस्थाच्या 53 गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. त्यांतील बारावी केशवाप. शुभ दिवस पाहून, देव-गुरूंची पूजा करून, गंधोदकाने केस भिजवून बालकाचे मुंडन करावे, शेंडी राखावी आणि हे सारे आपापल्या कुळाला उचित अशा रीतीने करावे, असा तेथील आशय आहे. श्वेतांबर परंपरेत वर्धमानसूरींच्या आचारदिनकर या पंधराव्या शतकातील ग्रंथात गृहस्थाच्या सोळा संस्कारांत चूडाकरण येते. हा संस्कार पहिल्या केसांचा आहे. पुढे वाढणाऱ्या वेणीच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. जेथे आचार्यांनीच कुळाच्या रीतीवर सोपवले, तेथे घरातील माणसांनी एकत्र बसून ठरवण्यास पुरेशी मोकळीक आहे.

मग आजीला भय कशाचे वाटते? त्याचे उत्तर पोथीत नाही, महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत आखूड केसांची किंवा केस नसलेली स्त्री म्हटली की एकच चित्र डोळ्यांपुढे येई, ते विधवेचे. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे केशवपन करण्याची चाल मुख्यत्वे ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत होती. तिची छाया मात्र साऱ्या गावाच्या बोलण्यावर पडली. 'बोडकी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. 1890 साली मुंबईत सत्यशोधक चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्या कारागिरांनीच ठरवले. ज्यांची त्यात मजुरी बुडणार होती, त्यांनी हा निर्णय घ्यावा, ही गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. चाल गेली, शब्द मागे राहिला. नातीच्या मानेवरून कात्री फिरताना आजीच्या पोटात जो गोळा येतो, तो त्या शब्दाचा असतो. तिला स्वतःलाही ते सांगता येणार नाही. ती फक्त "अशुभ दिसते" एवढे म्हणेल. त्यामुळे तिला अडाणी ठरवून कात्री उचलणे हा अन्याय आहे, आणि तिच्या भयापुढे मान तुकवून मुलीला घामोळ्यात ठेवणे हाही.

याच संदर्भात प्रत्येक जैन घराला ठाऊक असलेली चंदनबालेची कथा पुन्हा वाचून पाहावी. ती सहसा दानाची आणि अभिग्रहाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु ती एका व्यापाऱ्याच्या घरातील मुलीच्या केसांचीही कथा आहे. चंपानगरीची राजकन्या वसुमती विकली जाऊन कौशांबीच्या धनावह श्रेष्ठींच्या घरी आली. श्रेष्ठींनी तिला लेकीप्रमाणे वागवले. एके दिवशी ती त्यांचे पाय धूत असता तिचे लांब केस सुटून ओल्या जमिनीवर पडू लागले. चिखलात भरू नयेत म्हणून श्रेष्ठींनी ते सहज वर उचलून धरले. त्यांची पत्नी मूला हिने ते पाहिले आणि तिच्या मनात विष कालवले गेले. पती बाहेरगावी जाताच तिने त्या मुलीचे डोके भादरले, पायांत बेड्या घातल्या आणि तिला कोंडून ठेवले. भगवान महावीरांच्या पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासाचे पारणे त्याच मुंडित मुलीच्या हातच्या उडदाच्या बाकळ्यांनी झाले.

पुढे हीच चंदनबाला दीक्षा घेते, स्वतःच्या हाताने केशलोच करते आणि 36,000 साध्वींची प्रमुख होते. डोके तेच, केस गेले ते दोन वेळा. पहिल्या वेळी दुसऱ्याच्या रागाने गेले, तेव्हा तो छळ होता. दुसऱ्या वेळी तिच्या इच्छेने गेले, तेव्हा ते तप झाले. लहान मुलीच्या बॉबकटाला एवढ्या मोठ्या कथेची तुलना लावणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. पण "ऐकत नाहीस ना, थांब, न्हाव्याकडे नेऊन सगळे कापून टाकते" अशी धमकी चांगल्या घरांतही ऐकू येते. केस कापणे जर शिक्षा म्हणून पुढे आले, तर ते सहा वर्षांच्या मुलीला शिक्षाच वाटणार.

आता जैन घरातच प्रकर्षाने जाणवणारी अडचण. शाळा सुरू झाली की महिनाभरात एखाद्या दिवशी आईला मुलीच्या कानामागे लिखा दिसतात. ऊ हा त्रींद्रिय जीव. पाठशाळेतील मूलही हे सांगेल. श्रावकाच्या अणुव्रतात संकल्पी हिंसेचा त्याग असतो, आणि उवा मारण्याचे औषध तर मारण्याच्या संकल्पानेच डोक्याला लावावे लागते. चौदाव्या शतकाच्या आरंभी मेरुतुंगाचार्यांनी रचलेल्या प्रबंधचिंतामणीत राजा कुमारपालाच्या काळातील एक प्रसंग आहे. एका धनवान व्यापाऱ्याने हाती आलेली ऊ जाणूनबुजून चिरडली. राजाने त्याचे द्रव्य घेतले आणि त्यातून अणहिलवाड पाटण येथे एक मंदिर उभारले. त्याचे नाव यूकाविहार. एका उवेपायी व्यापाऱ्याची सारी दौलत गेली, हे वाचून आजचा दुकानदार हसेल. त्याच घरातील आई मात्र, हातात औषधाची बाटली घेऊन न्हाणीघरात उभी असता, हसत नाही.

येथे थोडी माहिती उपयोगी पडते. ऊ उडत नाही आणि उड्याही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत दुसरीकडे जाते. बाकावर शेजारी बसून दोन मैत्रिणी एका वहीत डोकावल्या की एवढे पुरते. लिखा केसाच्या मुळाशी, त्वचेला लागून चिकटवलेल्या असतात आणि साधारण आठवडा ते दहा दिवसांत फुटतात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. यावरून हे उघड होते की आखूड केसांनी उवा होतच नाहीत, ही समजूत खरी नाही. मुळे तर आखूड केसांनाही असतात. फरक पडतो तो फणीच्या कामात. कमरेइतक्या केसांतून ओल्या डोक्याने बारीक फणी फिरवणे म्हणजे तासाभराचे रडणे. मानेपर्यंतच्या केसांत तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते, म्हणून ते आठवड्यातून दोनदा नियमाने होते. शिवाय सुटी लांब वेणी शेजारणीच्या खांद्यावर पडत नाही. उवा वाढण्याआधीच नजरेस पडल्या तर पुढची मोठी हिंसा टळते. ज्या घरात अहिंसा हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे, तेथे आजीला पटण्याजोगे याहून सबळ कारण दुसरे नाही. मुनी-आर्यिकांच्या लोचामागे परंपरेने जी कारणे सांगितली जातात, त्यांतही केसांत जीव उत्पन्न होऊन त्यांची विराधना होऊ नये, हे एक आहे. मूलाचारात तर दोन, तीन किंवा चार महिन्यांनी लोच करण्याचे उत्तम, मध्यम, जघन्य असे क्रमही लावून दिले आहेत. गृहस्थाच्या लेकराला त्या तपाशी काही कर्तव्य नाही. पण त्यामागील जीवदया समजण्यास हरकत नाही.

एवढे सारे पटूनही आजी गप्प राहील, कारण तिचे खरे नुकसान वेगळेच आहे. सून सकाळी डबे आणि पूजेत गुंतलेली, मुलगा दुकानात. संध्याकाळी चौविहाराआधी किंवा प्रतिक्रमणानंतर नात पुढ्यात येऊन बसते, आजी डोक्याला तेल लावते, वेणी घालता घालता नवकार म्हणवून घेते, कधी तीर्थंकरांची नावे, कधी माहेरची गोष्ट. घरातील तो एकच अर्धा तास असा असतो की ज्यात कोणाला आजीचीच गरज असते. वेणी गेली की तो अर्धा तासही जातो. म्हणून जेथे मुलीचे केस कापायचे ठरेल, तेथे तेलाची वाटी आजीच्याच हाती राहील हे आधी ठरवावे. खांद्यापर्यंतच्या केसांची छोटी वेणी पडते, आणि उन्हाळा व उवांचा प्रश्नही बराच सुटतो. बहुतेक घरांना हा मध्यममार्ग मानवेल. सासूबाई देवदर्शनाला गेल्या असता गुपचूप पार्लर गाठणे मात्र टाळावे. केस सहा महिन्यांत वाढतील, पण तो सल वर्षानुवर्षे निघत नाही. अष्टमी-चतुर्दशीला कात्री न लावण्याचा घरचा नियम असेल तर तोही पाळावा. त्यात कोणाचे काही जात नाही.

आणि मुलीचे काय म्हणणे आहे? तिला विचारण्याचे बहुधा सर्वांत शेवटी सुचते. काही मुलींना भावासारखा बॉयकट हवा असतो. त्यांना तो द्यावा. बाजारात कोणी "हा मुलगा का?" असे विचारले तर "नाही, मी मुलगी आहे" एवढे उत्तर तिला घरीच शिकवून ठेवावे, म्हणजे ती गोंधळणार नाही. काही मुलींचा जीव मात्र वेणीत गुंतलेला असतो. अशा मुलीची वेणी केवळ सकाळची दहा मिनिटे वाचावीत म्हणून कापणे योग्य नव्हे. श्वेतांबर परंपरेत ऋषभदेवांच्या दीक्षेचा प्रसंग आहे. चार मुष्टी लोच झाल्यावर उरलेल्या बटा त्यांच्या खांद्यांवर इतक्या शोभत होत्या की त्या राहू द्याव्यात अशी इंद्राने विनंती केली, आणि प्रभूंनी ती मानली. म्हणूनच आदिनाथांच्या मूर्तीच्या खांद्यांवर केसांच्या बटा दिसतात. सर्वस्वाचा त्याग करण्याच्या क्षणीही केसांविषयीची एक विनंती ऐकली गेली. रिबिनीचा हट्ट धरणाऱ्या मुलीचे तर ऐकावेच.

झडुल्याचे तेवढे राहिले. नवस वडीलधाऱ्यांनी बोललेला असतो आणि त्याचे ओझे मुलाच्या डोक्यावर असते. वीतराग प्रभू काही मागत नाहीत. हा कुलाचाराचा भाग आहे, आणि कुलाचारात कुळातील ज्येष्ठांना विचारता येते. केस घरीच उतरवून, स्वच्छ कापडात बांधून ठेवून यात्रेच्या वेळी अर्पण करण्याची मोकळीक आपल्या कुळात आहे का, हे काकांना, आत्यांना, गावाकडच्या भाईबंदांना फोन करून विचारावे. तशी रीत नसेल तर यात्रेची तारीख याच वर्षाच्या वहीत लिहावी आणि तिकिटे काढावीत. जिनिंग चार दिवस मुनीमजी सांभाळतात. लग्नांसाठी ते सांभाळतातच.

मोठ्या मुलींच्या बाबतीत अलीकडे केसदानाचा विषय निघतो. कर्करोगाच्या उपचारांत केस गमावलेल्या रुग्णांच्या टोपांसाठी हे केस दिले जातात. त्यासाठी सामान्यतः बाराएक इंच लांबीची वेणी लागते. केस धुऊन पूर्ण वाळवावेत, वेणीला दोन्ही टोकांना रबर लावावे आणि वरच्या रबराच्या वरून कात्री चालवावी. जमिनीवर पडलेले सुटे केस उपयोगी पडत नाहीत. न्हाव्याला हे आधीच सांगावे लागते, नाहीतर सवयीने तो पहिली बट कापून खाली टाकतो.